शेळीच्या दुधातून कोळ्याचं रेशीम खरंच मिळतं का?

मिळतं, पण धागा नव्हे, त्याचं प्रथिन. कोळी एकत्र ठेवले की एकमेकांना खातात, त्यामुळे ते पाळून रेशीम काढणं परवडत नाही. म्हणून २००० च्या सुमारास कॅनडातल्या नेक्सिया कंपनीने कोळ्याचं जनुक शेळीत घातलं, तेही फक्त दुधाच्या ग्रंथीतच चालू होईल असं.

खरी कसोटी दुधातल्या या प्रथिनाचा धागा ओढताना लागते. कोळ्याच्या रेशीम बाहेर सोडणाऱ्या नलिकेत आम्लता वाढते, पाणी निघून जातं, ताण बसतो. तेव्हा प्रथिनातले अॅलानिन या अमिनो आम्लाचे भाग घट्ट रचून स्फटिक बनतात आणि ताकद येते. ग्लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे भाग लवचिकपणा देतात. यंत्राने ही घडण जमवणं फार अवघड आहे. मला तरी रेशीमकिड्याचा मार्ग जास्त आशादायक वाटतो: जनुक बदललं की पुढचा धागा तो स्वतःच कातून देतो!