माशांना दाण्यातून लस देता येते का?

प्रश्न: ताई नमस्कार, इंदूरहून देपालपूरकडे जाताना आमचं शेततळं आहे, त्यात तिलापिया टाकलाय. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली की महिन्याभरात मरायला लागते, डोळे पांढरट होतात, फीडकडे फिरकतसुद्धा नाही. एक फीडवाला "व्हायरसची ओरल व्हॅक्सिन" म्हणून पावडर देतोय, दाण्यात कालवायची म्हणे. माझा मेहुणा पोल्ट्रीत लासोटा (राणीखेत रोगाची लस) सरळ पाण्यातून देतो आणि कोंबड्यांना लागू पडते, मग माशांना का नाही?

उत्तर: दादा, पावडर आत्ता घेऊ नका. मेहुण्याचा मुद्दा मात्र चांगला आहे. लासोटामध्ये सौम्य पण जिवंत व्हायरस असतो, तो कोंबडीच्या अंगात स्वतःच वाढतो म्हणून थोडी लस पोटात गेली तरी भागतं. तळ्यात जिवंत व्हायरस सोडला तर तो पाण्याबरोबर पुढच्या नाल्यात जाणार, म्हणून माशांसाठी बहुतेक वेळा मेलेला व्हायरस नाहीतर त्याचं एखादं प्रोटीन घेतात, आणि ते वाढत नाही, जेवढं दिलं तेवढंच. शिवाय गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणजे पाण्यातून पाजायचा मार्गही बंद, उरला दाणा.

पण खरी गंमत पोटात आहे. तिलापियाचं जठर भयंकर आंबट, पीएच २ च्याही खाली जातो, त्यात उघडं प्रोटीन टिकतच नाही. लस पोचायला हवी आतड्याच्या शेवटच्या भागात, तिथल्या पेशी ती उचलून घेतात. म्हणून संशोधन करणाऱ्यांचं अर्धं डोकं पॅकिंगमध्येच जातं, कोणी शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या बारीक गोळ्यांत लस भरतं, कोणी कोळंबीच्या टरफलापासून बनवलेलं कायटोसान वापरतं, कोणी यीस्टलाच ते प्रोटीन तयार करायला लावतं. (रोहू-कटल्याला जठरच नसतं, तिथे आम्लाची कटकट नाही, पण पाचकरस आहेतच.) एवढं करून डोस कोणाला किती गेला ते कळत नाही, दांडगे मासे जास्त खातात आणि आजारी पडलेले तर खातच नाहीत. माशांवरची पहिली लस म्हणतात ती मुळात ओरलच होती बरं का, १९४२ मध्ये कॅनडात डफ यांनी ट्राउटला खाद्यातून दिलेली, तीही बॅक्टेरियावर. तरी पुढे नॉर्वेवाले सॅल्मनला इंजेक्शनच द्यायला लागले, कारण ते जास्त भरवशाचं. पण तुमची हजारो बोटुकली कोण एकेक धरून टोचणार, म्हणून ओरलचा नाद कोणी सोडत नाही.

आता तुमच्या तळ्याचं. लक्षणं तिलापिया लेक व्हायरसची वाटतात, हा २०१४ मध्ये इस्रायलमधून रिपोर्ट झाला आणि २०१८ मध्ये भारतातूनही, पण पांढरे डोळे स्ट्रेप्टोकोकस बॅक्टेरियानेही होतात, आणि तसं असेल तर व्हायरसची लस अगदी अस्सल मिळाली तरी उपयोग शून्य. म्हणून मेलेले नाही, मरायला टेकलेले मासे बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवा, आरटी-पीसीआर आणि बॅक्टेरिया दोन्ही तपासायला सांगा. हॅचरीकडे बीजाचा टेस्ट रिपोर्ट मागा, त्याला राग आला तर येऊ दे. फीडवाल्याला विचारा, व्हायरस कोणता, बॅच नंबर, लायसन्स, फ्रिजमध्ये ठेवायची का? बहुतेक वेळा आत बीटा-ग्लुकन असतं, ते इम्युनिटी बूस्टर आहे, लस नाही. आणि हो, माळव्याच्या थंडीत माशांची प्रतिकारशक्ती फार हळू जागी होते, त्यामुळे पुढेमागे खरी लस मिळालीच तरी ऐन डिसेंबरात देऊ नका.

प्रश्न: अशा तळ्यातला मासा घरी खाल्ला तर चालतो का? (दुसऱ्या वाचक, इंदूर)

उत्तर: या व्हायरसची माणसाला लागण होत नाही, ताजा मासा नीट शिजवून खा. मेलेला मासा मात्र आणू नका, आणि मासा धुतलेलं पाणी, आतडी दुसऱ्या तळ्यात टाकू नका. डीप फ्रीजमध्ये ठेवला म्हणून व्हायरस मेला असं समजू नका.