बायबलमध्ये बाळ देवाला अर्पण करतात म्हणजे नेमकं काय करतात?

ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाने बाळाच्या समर्पणाला बोलावलंय, आणि हे खंडोबाला मूल सोडण्यासारखं असतं का, असं तुम्ही विचारलंय. तसं नसतं. बाळ आईच्या कडेवरच घरी परत येतं. पण बायबलमध्ये खरोखर सोडलेलं एक मूल आहे, त्यामुळे तुमची शंका अगदीच अस्थानी नाही.

ते मूल म्हणजे शमुवेल. त्याची आई हन्ना हिला मूलबाळ नव्हतं आणि सवत पनिन्ना त्यावरून टोचून बोलायची. शिलोच्या मंदिरात ती नुसते ओठ हलवत, रडत प्रार्थना करत होती, तर एली या याजकाला, म्हणजे मंदिरातल्या पुरोहिताला, वाटलं बाई प्यायलेली आहे. मुलगा दिलास तर तो जन्मभर तुझाच, असा तिचा नवस. मुलगा झाला, दूध सुटेपर्यंत घरी राहिला आणि मग तिने तो एलीच्या हवाली केला. पुढे दर वर्षी ती त्याच्यासाठी एक लहानसा झगा शिवून न्यायची. वर्षभर दूर असलेल्या पोराचं माप ती कशावरून घेत असेल, हे मला अजून कळलेलं नाही.

हा झाला एका बाईचा खाजगी नवस. मोशेने इस्राएली लोकांना दिलेल्या नियमशास्त्राचा रोख मात्र मूल सोडण्यावर नाही, सोडवून आणण्यावर आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, देवाच्या शिक्षेने मिसरी लोकांचे प्रथमजन्मलेले मेले, इस्राएलचे वाचले. म्हणून प्रत्येक पहिला मुलगा देवाचा. तो महिन्याचा झाला की याजकाला चांदीचे ५ शेकेल (शेकेल हे वजनाचं जुनं माप) द्यायचे आणि त्याला सोडवून घ्यायचं. मंदिराची चाकरी त्याच्याऐवजी लेवी वंशाने करायची. बायबलमधल्या गणनेच्या पुस्तकात याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा चोख आहे: प्रथमजन्मलेले २२,२७३, लेवी २२,०००, वरचे २७३, त्यांचे माणशी ५ प्रमाणे १,३६५ शेकेल. परंपरा पाळणारे यहुदी आजही एकतिसाव्या दिवशी हा विधी करतात. सिझेरियनने झालेल्या मुलाला तो लागू नाही, कारण नियम 'उदरातून प्रथम बाहेर येणाऱ्या'साठी आहे!

येशूला यरुशलेमच्या मंदिरात नेलं ते याच नियमाने. सोबत त्याची आई मरीया हिच्या बाळंतपणानंतरच्या शुद्धीकरणाचं अर्पणही होतं. त्यासाठी खरं तर कोकरू लागतं, ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं. येशूचं चरित्र लिहिणारा लूक पक्ष्यांचाच उल्लेख करतो, म्हणजे घरची परिस्थिती कळलीच. ५ शेकेलबद्दल मात्र तो काहीच लिहीत नाही, म्हणून काही अभ्यासकांना त्या प्रसंगात शमुवेलाची छाया दिसते: सोडवून न घेतलेला, देवाचाच राहिलेला मुलगा. मला ते पटतं, कारण मरीयेचं स्तोत्रही हन्नाच्या स्तोत्राशी बरंच जुळतं.

आता तुमचं आमंत्रण. कॅथलिक तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा दीक्षाविधी, करतात. बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांच्या मते बाप्तिस्मा माणसाने कळत्या वयात स्वतः घ्यायचा. तोवर बाळाचं समर्पण. १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय मंडळीत तर दोन्ही चालतं. समर्पणात पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात आणि त्याला विश्वासात वाढवू असं वचन आईवडील देतात. पाणी नाही, शेकेल नाहीत, आणि मुलगी असो की तिसरं अपत्य, फरक पडत नाही. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, अशी आज्ञा कुठेच नाही. येशूने बालकांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला, त्याचा आधार सांगतात.

बारशाला नेता तशी बाळासाठी भेट घेऊन खुशाल जा.