पोरीचा हात कडीवर आहे

प्रिय मित्रा,

सिनेमाच्या मध्यंतरात तुझे डोळे लाल होते, मी पाहिलं. आणि रात्री तू पाठवलेलं टिपणही वाचलं: ‘अभिनय भडक, अंडरप्ले हवा होता.’ मधल्या चार तासांत काय घडलं? जिन्यावर दोस्तमंडळी ‘मेलोड्रामा आहे रे’ म्हणाली, एवढंच ना? आता मला विचारतोस, यातलं माझं खरं कुठलं, रडणं की टिपण? ते राहू दे. बाप पोरीवर ओरडत होता तेव्हा पोरगी काय करत होती, ते सांग. आठवत नाही ना? मग मत कसलं देतोस!

बोलणाऱ्याकडे सगळेच बघतात. तू ऐकणाऱ्याकडे बघ.

‘दीवार’ (१९७५) मधला पुलाखालचा प्रसंग घे. अमिताभ बंगला, गाडी, बँक बॅलन्स अशी यादी वाचतो आणि त्यावर शशी कपूरचं ते चार शब्दांचं उत्तर. लोकांना अजून पाठ आहे. सलीम-जावेदचं श्रेय आहेच. पण शशी कपूरने ती यादी आधी निमूट ऐकून घेतलीय, म्हणून ते चार शब्द बसतात. उत्तर ओठांवर तयार ठेवून उभा राहणारा नट असता तर टाळ्या मिळाल्या असत्या, अंगावर काटा आला नसता. आणि हा सिनेमा काही संयत-बिंयत नाही हं. भडक आहे, झकास भडक आहे! तेव्हा आवाजाच्या पट्टीवरून अभिनय मोजणं आता बंद कर.

‘श्वास’ (२००४) पाहिलायस ना? नातवाचा जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, असं डॉक्टर सांगतात. ते वाक्य कुणालाही म्हणता येईल. ते ऐकायला मात्र अरुण नलावडेंचे आजोबाच लागतात. पुढची सगळी गोष्ट त्या ऐकण्यातून निघते. ज्या प्रसंगातून पात्रं आली तशीच बाहेर पडतात, त्याला मी प्रसंग म्हणत नाही. गप्पा म्हणतो.

मालिकांतही ऐकणाऱ्यांचेच चेहरे दाखवतात, असं म्हणू नकोस. ढॅण ढॅण करत एकेकावर कॅमेरा जातो, ती चेहऱ्यांची हजेरी.

मागे तू मला रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्हचा तो प्रयोग फेकून मारला होतास. मोझुखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा, त्याला जोडून कधी सूपचा वाडगा, कधी शवपेटी, कधी बाई. आणि प्रेक्षक म्हणे नटाच्या अभिनयावर खूश. म्हणजे सगळी करामत संकलकाची! अरे, त्या तुकड्यांत समोरून कुणी बोलतच नाही. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट तो. दोन माणसं दीड मिनिट एकाच चौकटीत ठेव, न कापता. मग संकलक कुणाला वाचवतो ते बघू.

मला हे शिकायला किंमत मोजावी लागली. एका एकांकिकेत नोकराचं काम होतं. हातात ट्रे, आणि मालकाचं दोन पानी बोलणं. मी पूर्णवेळ माझं एकुलतं वाक्य घोकत होतो, ‘गाडी आलीय, साहेब.’ ट्रेमधले पेले एकमेकांवर किणकिणत होते. पहिल्या रांगेला ऐकू गेलं, मला नाही. विंगेत आल्यावर दिग्दर्शक म्हणाले, तू ऐकत नव्हतास, पाळीची वाट बघत होतास. मी तिरमिरीत नाटक सोडलं आणि पंधरा वर्षं त्यांच्या नावाने खडे फोडले. सगळ्यांदेखत बोलायला नको होतं, हे आजही म्हणतो. पण बोलले ते बरोबर होतं.

तेव्हा मी तेच तेच उगाळतो असं तुला वाटत असेल तर वाटू दे. रंगमंचावर जमलं नाही ते खुर्चीत बसून करतो, एवढीच माझी कमाई. त्या बळावर इतकी वर्षं सिनेमे पाहिले आणि बाहेर पडताना जिन्यावर कुणाचं तोंड बघावं लागलं नाही. एकदा बघितलं होतं खरं. असो.

तो सिनेमा पुन्हा बघ. एकटा जा. बापाचा आवाज चढला की त्याच्यावरची नजर काढ. जड जाईल, आवाज खेचून घेतो. पोरीचा हात दाराच्या कडीवर आहे. बापाच्या कुठल्या शब्दाला तो खाली येतो, तेवढं मला कळव. टिपण नको.