श्रवणयंत्र आणि सीपॅप चष्म्याइतकी स्वस्त का मिळत नाहीत?

तुम्ही विचारलंय की जवळचं दिसेनासं झालं तर माणूस सरळ तयार चष्मा उचलतो, मग कमी ऐकू येणाऱ्याला आणि झोपेत श्वास अडकणाऱ्याला (म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असणाऱ्याला) एवढा खर्च आणि एवढ्या खेपा का? मी दोन्ही यंत्रं वापरतो. कानातलं बरीच वर्षं, नाकावरचं (सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा सोडून श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र) पाच.

आतले भाग महाग असतात म्हणून किंमत जास्त, असं मलाही वाटायचं. तसं नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकएड नावाचं श्रवणयंत्र बनवून दाखवलं. मोठ्या संख्येने बनवलं तर त्यातल्या सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत येतो. दिसायला ओबडधोबड आणि वयोमानाने कमी झालेल्या ऐकण्यापुरतंच, पण मुद्दा सिद्ध झाला. सीपॅप म्हणजे तर नळी जोडलेला पंखाच. सिडनीत 1980 मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी पहिला प्रयोग केला तो व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर. त्याआधी गंभीर स्लीप अ‍ॅप्नियावर गळ्याला भोक पाडणं हाच काय तो खात्रीचा उपाय होता.

पैसे जातात ते यंत्राभोवतीच्या कामात. श्रवणयंत्राची जी किंमत सांगतात तिच्यात बहुतेकदा तपासणी, जुळवणी (यंत्राचा आवाज तुमच्या कानाप्रमाणे बसवणं), पुढच्या भेटी सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं असतं. कशाचे किती ते कळत नाही, आणि नेमकं जे काम महत्त्वाचं तेच घाईत उरकलं जातं. माझं पहिलं यंत्र ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) संगणकात भरून पंधरा मिनिटांत कानात घालून दिलं. भांडं पडलं की कानात खिळा ठोकल्यासारखं व्हायचं, जेवताना स्वतःचाच जबडा ऐकू यायचा, मान वळवली की शिट्टी. महिन्याभरात ते कपाटात गेलं. (घरात कोणी काही बोललं नाही. किंवा बोलले असतील, मला ऐकू आलं नसेल.) दोन वर्षांनी दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्टने (श्रवणतज्ज्ञाने) तेच यंत्र हातात घेतलं, कानात बारीक नळी सरकवली आणि पडद्याजवळ प्रत्यक्षात किती आवाज पोचतोय ते मोजलं. उंच पट्टीतले आवाज पोचतच नव्हते, खालच्या पट्टीतले नको तेवढे आदळत होते. कानाचा साचा बदलला, चार खेपा झाल्या, आणि तेच यंत्र पुढे मी सहा वर्षं वापरलं. यंत्र स्वस्त करा, पण ही चार खेपांची मेहनत कापून नको, एवढंच माझं म्हणणं.

ती मेहनत दर वेळी तज्ज्ञानेच करायला हवी असंही नाही. अमेरिकेत 2017 च्या कायद्यानंतर ऑक्टोबर 2022 पासून सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय यंत्र घेता येतं. फोनवरच्या अ‍ॅपने स्वतः जुळवायची यंत्रंही त्यात आली. 2023 च्या एका चाचणीत सहा आठवड्यांनंतर अशा यंत्राचा फायदा ऑडिओलॉजिस्टने जुळवलेल्या यंत्राइतकाच दिसला. मुलांना आणि तीव्र श्रवणदोष असलेल्यांना मात्र या वाटेचा उपयोग नाही. जिथे तज्ज्ञच नाहीत तिथे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांकडून यंत्रं बसवून घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. ज्यांना यंत्राचा फायदा होईल त्यांतले जेमतेम 17 टक्के लोक ते वापरतात, असा तिचाच अंदाज आहे. माझ्या मते आणखी एक कुलूप तोडायला हवं: जुळवणीचं सॉफ्टवेअर. ज्या त्या कंपनीचं वेगळं, त्यामुळे एकीकडे घेतलेलं यंत्र दुसरीकडे नेलं की हात वर करतात.

सीपॅपचं अडतं वेगळ्याच जागी, निदानात. 2019 च्या एका अंदाजानुसार 30 ते 69 वयाच्या सुमारे 93 कोटी लोकांना कमीअधिक स्लीप अ‍ॅप्निया आहे. एवढ्यांना अंगभर वायरी लावून प्रयोगशाळेत झोपवणार कसं? लक्षणं स्पष्ट असतील आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर घरी करायची चाचणी बहुतेकांना पुरते: बोटाला सेन्सर, छातीला पट्टा, नाकाशी नळी. त्यानंतर दाब आपोआप कमीजास्त करणारं यंत्र घेतलं तर दाब ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत काढायची रात्रही वाचते.

इथेही खरी लढाई यंत्र आल्यावर सुरू होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीत लोकांनी सीपॅप सरासरी रात्री 3.3 तासच लावला, आणि हृदयविकार-पक्षाघातात फरक दिसला नाही. मला तिसरा मास्क जमला. पहिले दोन पदरचे पैसे घालून घेतले होते. म्हणून विकत घेण्याआधी यंत्र भाड्याने मिळतं का आणि मास्क बदलून देतात का, हे सवलतीच्याही आधी विचारा. वापरलेलं यंत्र घेणार असाल तर मास्क, नळी आणि फिल्टर नवे घ्या, आणि मॉडेल परत बोलावलेल्यांच्या यादीत नाही ना ते तपासा. 2021 मध्ये एका मोठ्या कंपनीने आतला फोम झिजतो म्हणून लाखो यंत्रं परत बोलावली होती.

श्रवणयंत्र घेताना किमतीची फोड लेखी मागा: यंत्राचे किती, जुळवणीचे किती, परत करायची मुदत काय. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर यंत्र शोधत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. त्यावरची औषधं लवकर सुरू केली तरच लागू पडण्याची शक्यता असते.