बेशरम, घाणेरी, रानमोडी… तक्त्यात ही नावं लिहायची का?

प्रश्न विदर्भातल्या एका शिक्षिकेचा आहे. शाळेतली मुलं गावातल्या 'इन्व्हेजिव्ह' झाडांचा, म्हणजे बाहेरून येऊन बेसुमार पसरणाऱ्या झाडांचा, तक्ता करतायत, त्याच्या मथळ्याला मराठी शब्द काय द्यायचा, आणि खाली बेशरम, घाणेरी, काँग्रेस अशी नावं लिहायची की त्यांना काही सभ्य पर्याय आहेत?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. हीच नावं लिहा, अगदी ठळक लिहा. ही सगळी झाडं दोन-अडीचशे वर्षांत बाहेरून आलेली, म्हणजे आपल्या आजी-पणजीच्या आधीच्या कोणाकडे त्यांना नावच नव्हतं, मग लोकांनी ते झाड काय करतं ते बघून नाव दिलं. आपल्या शेजारच्या माणसाला आपण जसं त्याच्या वागण्यावरून नाव पाडतो तसंच.

बेशरमचंच घ्या ना. दक्षिण अमेरिकेतलं झुडूप, फिकट जांभळी-गुलाबी घंटेसारखी फुलं, पान तोडलं की पांढरा चीक. फांदी तोडून नाल्यात फेका, तिथे मुळं धरते, पाण्यात उभं राहतं आणि कोरड्यातही तगतं, तोडलं की परत फुटतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि शेळीने खाल्लं तर तिला बाधतं. म्हणून बेशरम. पण हेच झाड लोकांनी हौसेने कुंपणाला लावलं, काड्या कुडाला वापरल्या, वाळल्यावर चुलीत घातल्या आणि मास्तरांच्या हातातला फोकही त्याचाच असायचा. आणि भाषेच्या अंगाने मला यात सगळ्यात आवडतं ते हे की विशेषण म्हणून 'बेशरम' जसंच्या तसं राहतं, 'बेशरम माणसाला' म्हणतो, 'बेशरमा माणसाला' नाही. पण झाड झालं की त्याला विभक्ती लागते, बेशरमाचं झाड, बेशरमाची फांदी, बेशरमाच्या काड्या. म्हणजे शिवी उरलीच नाही, पक्कं नाम झालं. पण जुना अर्थ गेलाय असंही नाही, रस्त्यातल्या खड्ड्यांत बेशरमाची झाडं लावून आंदोलन होतं किंवा साहेबांना बेशरमाचं रोप भेट दिलं जातं तेव्हा काय म्हणायचंय ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

घाणेरीचं नाव वासावरून आलंय. पान चुरगळून नाकाशी न्या, लगेच कळेल. चौकोनी खरखरीत काटेरी दांडी, आणि फुलांचा गुच्छ मधे पिवळा, कडेला गुलाबी, कारण उमललेलं फूल आधी पिवळं असतं आणि जुनं होत जाताना रंग बदलतं. इंग्रजांच्या काळात बागेतलं शोभेचं झाड म्हणून आणलं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये आलं आणि तिथून देशभर जंगलात पसरलं, खाली गवत उगवू देत नाही त्यामुळे गुरांचा आणि हरणांचा चारा जातो. आणि तरी मुलं त्याची पिकलेली काळी फळं खातात, एकेक फूल उपटून त्यातला मध चोखतात, फुलपाखरं तर त्यावर तुटून पडतात. त्याला टणटणी पण म्हणतात आणि त्या नावात कसलीच तक्रार नाही. एकाच झाडाला एक नाव नाक मुरडणारं आणि एक खेळकर, आणि दोन्ही चालतात.

कोकणातली रानमोडी म्हणजे रान मोडणारी, सरळ आरोप. डिसेंबर-जानेवारीत डोंगर पांढुरक्या फुलांनी भरतो, मग वाळलेल्या काड्या उन्हाळ्यात वणव्याला आयत्याच मिळतात. नावाची घडण ओळखीची आहे, कंबरमोडी तशी रानमोडी. आणि कंबरमोडी, म्हणजेच एकदांडी, ती पण अमेरिकेतूनच आलेली, पण जखमेवर तिचा पाला चोळणाऱ्याला ती परकी वाटत नाही. खरं तर रानमोडीचा पालाही लोक जखमेवर लावतात. केरळात रानमोडीला 'कम्युनिस्ट पच्चा' म्हणतात, पच्चा म्हणजे हिरवं.

आता काँग्रेस, म्हणजे काँग्रेस गवत. पांढरी बारीक फुलं काँग्रेसवाल्यांच्या टोपीसारखी दिसतात म्हणून हे नाव, असं एक सांगतात. दुसरं असं की काँग्रेस सरकारने अमेरिकेहून पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, गहू आणला त्यातून बी आलं. यातला पीएल-४८० चा भाग जुळत नाही, कारण तो करार भारताशी झाला १९५६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुण्यात उकिरड्यावर हे गवत १९५१ मध्येच दिसल्याची नोंद आहे. अमेरिकन गहू त्याआधीही आला होता, त्यामुळे गव्हावरचा संशय अगदीच बिनबुडाचा नाही, पण पीएल-४८० चं नाव त्याला मागाहून चिकटलंय. या गवताच्या बाजूने बोलणारं मात्र मला कोणी भेटलं नाही, खुरपणी करणाऱ्या बायांच्या हातांना पुरळ येतं, खाज सुटते, काहींना दमा होतो. शाळेच्या भिंतीवर पक्षाचं नाव नको वाटलं तर गाजरगवत लिहा, पानं खरंच गाजरासारखी असतात.

उलटं उदाहरण जलपर्णीचं. इतकं नाजूक संस्कृत नाव की एखाद्या मुलीचं वाटावं, आणि नदी गुदमरवण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात, मला ते जास्त खरं वाटतं.

मथळ्याबद्दल. पेपरात 'आक्रमक परदेशी प्रजाती' येतं, ते चुकीचं नाही, पण त्यातले दोन्ही शब्द ठेवा, एकाने भागणार नाही. मिरची, पेरू, सीताफळ, विलायती चिंच सगळं परदेशीच आहे, नुसतं 'उपरी झाडं' लिहिलंत तर मुलं सीताफळही त्या तक्त्यात टाकतील आणि त्यांची काही चूक नसेल. नुसतं 'तण' पण नको, 'तण खाई धन' म्हणतो तेव्हा आपण शेतातल्या देशी तणालाही त्यात धरतो. मला स्वतःला 'माजलेली परकी झाडं' आवडेल. शेतकरी 'तण माजलंय' म्हणतोच, आणि माजणं हा जन्माचा दोष नसतो, मोकळं रान मिळालं, खाणारं कोणी नाही, की कोणीही माजतं. ही झाडं त्यांच्या मूळ देशात सहसा इतकी माजत नाहीत, त्याचं एक कारण म्हणजे तिथे त्यांना खाणारे किडे आहेत. म्हणून तर गाजरगवतावर सोडायला मेक्सिकोतला भुंगेरा आणावा लागला, १९८४ मध्ये बंगळुरूला तो पहिल्यांदा सोडला.

तक्त्यात प्रत्येक झाडाखाली गावातली सगळी नावं लिहून घ्या, मुलांना घरी विचारून यायला सांगा. फक्त घाणेरी आणि टणटणीची दोन वेगळी चित्रं होणार नाहीत एवढं बघा.