स्क्वॉश : सरबतातला, खेळातला आणि भाजीतला

प्रश्न असा आला आहे : संत्र्याचं स्क्वॉश, भिंतीवर चेंडू मारून खेळायचा स्क्वॉश आणि अमेरिकेत भोपळ्याच्या जातीतल्या भाज्यांना म्हणतात तो स्क्वॉश, हा एकच शब्द आहे का?

नाही. सरबत आणि खेळ एका घरचे. भाजीचं घराणं निराळं.

पहिल्या दोघांचं मूळ ‘चेपणे, चिरडणे’ अशा अर्थाच्या इंग्रजी क्रियापदात आहे. ते जुन्या फ्रेंचमधून आलं. फळं चेपून रस काढला की स्क्वॉश, आणि आपटल्यावर चेपणाऱ्या मऊ रबरी चेंडूमुळे खेळही स्क्वॉश.

भाजीचा शब्द नॅरागॅन्सेट लोकांचा. अमेरिकेतल्या आजच्या ऱ्होड आयलंड राज्यातली ही मूळ रहिवाशांची जमात. त्यांची भाषा अल्गोंक्वियन कुळातली. मूस, रकून, स्कंक ही प्राण्यांची नावं आणि मोकॅसिन हे मऊ चामडी जोड्याचं नाव, हे शब्दही इंग्रजीला याच कुळाने दिले. 1636 साली तिथलं प्रॉव्हिडन्स शहर वसवणाऱ्या रॉजर विल्यम्स यांनी ही भाषा शिकून घेतली आणि 1643 साली तिच्यावर पुस्तक छापलं. त्यात त्यांनी ‘अस्कुटास्क्वॉश’ हा शब्द नोंदवला आहे आणि इंग्रज त्यावरूनच ‘स्क्वॉशेस’ म्हणतात, असंही लिहिलं आहे. अर्थ साधारण ‘कच्च्या खाता येणाऱ्या वस्तू’. काकडीसारखी कोवळी खायची फळं डोळ्यांपुढे आणा, म्हणजे नाव पटतं.

या शब्दातलं मला सर्वांत आवडणारं पुढे आहे. शेवटचा ‘अश’ हा नॅरागॅन्सेटमधला अनेकवचनाचा प्रत्यय. इंग्रजांनी शब्दाचं डोकं तोडलं, उरलेलं शेपूट एकवचन समजून घेतलं आणि त्याला वर आपला प्रत्यय जोडला. आपण ‘एक लेडीज उभी होती’ म्हणतो ना, तसंच. उकडलेल्या मक्याच्या ‘सकटॅश’ या पदार्थाच्या नावातही तोच प्रत्यय आहे. त्या भाषेचा रोजचा वापर पुढे थांबला, पण तिच्या व्याकरणाचा हा तुकडा अमेरिकेच्या भाजीबाजारात अजून बोलला जातो.

आता मराठीत याला काय म्हणावं? सरसकट ‘भोपळा’ नको. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, अमेरिकेतूनच आलेला आणि स्क्वॉशच्याच प्रजातींतला, तेव्हा तिथे तो शब्द चालेल. दुधी वेगळ्या प्रजातीचा, मूळ आफ्रिकेतला. आणि काकडीसारखी दिसणारी झुकिनीसुद्धा स्क्वॉशच असते. तिला भोपळा म्हटलं तर वाचणारा भलतीच भाजी चिरायला घेईल. पाककृतीत ‘स्क्वॉश’ लिहून कोणता ते पुढे सांगावं.