सल्लागार नावापुरते?

प्रश्न : मी कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या सल्लागार समितीवर आहे. आमचा सल्ला चहाबरोबरच संपतो. हमासच्या शूरा परिषदेचंही असंच असतं का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : अजिबात नाही, काका. शूरा सल्लागार म्हणवते, पण पक्षाचा नेता तीच ठरवते. ३१ जुलै २०२४ला तेहरानमध्ये हमासचे नेते इस्माईल हनिया मारले गेले आणि ६ ऑगस्टला शूराने याह्या सिनवार यांना निवडलंही. ऑक्टोबरमध्ये तेही मारले गेले, तेव्हा कारभार पाच जणांच्या समितीकडे गेला. त्यात शूराचे प्रमुख महंमद दरवीश होतेच. सदस्य गाझा, वेस्ट बँक, परदेश आणि इस्रायली तुरुंगांतून येतात. नावं बहुतेक गुप्त. (तुमचा फोटो निदान नोटीस बोर्डावर तरी असेल!)

फतह या दुसऱ्या मोठ्या पॅलेस्टिनी पक्षाचं निराळं. तिथे केंद्रीय समिती आणि क्रांतिकारी परिषद अधिवेशनात निवडतात. पण १९८९च्या ट्युनिसनंतरचं अधिवेशन थेट २००९मध्ये, बेथलेहेमला! दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात देखरेख क्रांतिकारी परिषदेने करायची. ती पक्षाच्या अध्यक्षांना कितपत अडवते, याबद्दल मला शंकाच आहे.